राजकीय निरोपाचे गद्य

लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा आदेश 2008 साली अमलात आला आणि बुलढाण्यातील एक जुनी लढत कोणाचाही पराभव न होता संपली. मुकुल वासनिक येथून 1984, 1991 आणि 1998 साली निवडून आले होते. आनंदराव अडसूळ 1996, 1999 आणि 2004 साली निवडून आले होते. दोघांच्या सभा, दोघांच्या घोषणा आणि दोघांचे कार्यकर्ते या जिल्ह्याच्या गावोगाव ओळखीचे झाले होते. नव्या नकाशात बुलढाण्याचा राखीव दर्जा गेला आणि 2009 च्या निवडणुकीत वासनिक रामटेकमधून, तर अडसूळ अमरावतीमधून उभे राहिले. दोघेही निवडून आले, मात्र अन्य जिल्ह्यांतून. याच आदेशाने मेहकरचा विधानसभा मतदारसंघ राखीव झाला. तेथून 1995 पासून सातत्याने निवडून येणारे प्रतापराव जाधव त्यामुळे मोकळे झाले आणि बुलढाण्याचे खासदार झाले. एका राजपत्राने दोन पात्रांना रंगमंचावरून नेले व तिसऱ्यास आणले. मलकापूर तालुका तर जिल्ह्यात राहूनही रावेर लोकसभा मतदारसंघात गेला.

या घटनेचे राजकीय विश्लेषण करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. ते काम राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचे आहे. मराठी गद्याच्या अभ्यासकास येथे निराळाच प्रश्न पडतो. पंचवीस वर्षे ज्या मतदारांस उद्देशून बोलले गेले, त्यांच्यापासून वेगळे होताना बोलण्याजोगे गद्य मराठीत घडलेले आहे काय? प्रचाराचे गद्य घडले आहे, आणि ते समृद्ध आहे. निरोपाचे गद्य मात्र घडलेले नाही, किंवा जे घडले त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रंगभूमीच्या परिभाषेत या उणिवेची एक खूण सापडते. मराठी नाटकात दृश्याला आपण ‘प्रवेश’ म्हणतो. पात्र येते या गोष्टीवरूनच नाट्याच्या घटकाला नाव मिळाले आहे. जाण्याला असे नाव नाही. कंसातील ‘जातो’ हा एक शब्द आपल्याला पुरतो. संस्कृत नाटककार अंकाच्या शेवटी सर्व पात्रांना एकदम बाहेर काढीत आणि तशी नोंद करीत. आपल्या तमाशात गण, गवळण, बतावणी अशी आगमनाची पायरीवार व्यवस्था आहे. वग संपला की मंडळी उठतात. संगीत नाटकाला नांदी होती आणि भरतवाक्यही होते हे खरे. पण भरतवाक्य हा सर्वांच्या कल्याणाचा आशीर्वाद असतो. त्यात पात्राला स्वतःच्या जाण्याबद्दल काही बोलता येत नाही. ज्या समाजाने सार्वजनिक सभेची शैली बव्हंशी कीर्तन, पोवाडा आणि नाटक यांच्याकडून उचलली, त्याच्या वक्तृत्वात हीच असमानता उतरली असल्यास नवल नाही.

आता प्रचाराच्या भाषेचे व्याकरण पाहू. प्रचारसभेतील क्रियापदे मुख्यतः दोन रूपांत आढळतात. एक भविष्यकाळ : करू, देऊ, आणू. दुसरे आज्ञार्थ : निवडून द्या, हात बळकट करा, शिक्का मारा (यंत्रे येऊनही हा शेवटचा प्रयोग काही वक्त्यांच्या तोंडी बरीच वर्षे टिकून होता). भूतकाळ येतो तो बहुधा प्रतिपक्षाच्या वाट्याला : त्यांनी काय केले? कर्ता असतो ‘आम्ही’. ‘मी’ आला तरी तो ‘तुमचा मी’ असतो, स्वतंत्र नसतो. ही रचना प्रचाराला साजेशीच आहे. तिच्यात दोष काढण्याचे कारण नाही. निरोपाच्या भाषणाला मात्र याच्या नेमकी उलट सामग्री लागते. त्याला संपलेला भूतकाळ लागतो, एकवचनी कर्ता लागतो, आणि ज्याच्याकडून काहीही मागायचे नाही असा श्रोता लागतो. वीस-पंचवीस वर्षे पहिल्या व्याकरणात वावरलेल्या वक्त्यास दुसरे सहजी साधत नाही, ही अडचण नीतीची असण्यापूर्वी भाषेची आहे.

‘राजकीय संन्यास’ हा शब्दप्रयोग या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. संन्यास ही न परतण्याची अवस्था आहे, आणि वऱ्हाडात तिचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. शेगावचे गजानन महाराज 1910 साली समाधिस्थ झाले. विरक्तीची आणि समाधीची भाषा या जिल्ह्यात रोजच्या बोलण्यातली आहे. पण प्रचारात हा शब्द येतो तो नेहमी संकेतार्थात : आरोप सिद्ध झाला तर संन्यास घेईन, अमुक जागा आल्या नाहीत तर संन्यास घेईन. ज्या शब्दाने दार कायमचे लागावयाचे, तो येथे पैजेचा विडा होतो. मराठीतील निर्गमनाचा सर्वांत गंभीर शब्द प्रचाराने आपल्या व्याकरणात अशा रीतीने सामावून घेतला, आणि प्रत्यक्ष जाण्याची वेळ आली तेव्हा वापरावयास तो शिल्लक राहिला नाही.

याचा अर्थ महाराष्ट्रातील माणसांना जाणे जमलेच नाही असा नव्हे. दोन पाठ येथे आवर्जून वाचावयास हवेत. दोन्ही मूळ इंग्रजीत आहेत, हा योगायोग नसावा असे वाटते.

पहिला पाठ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे राजीनाम्यानंतरचे निवेदन. 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढील महिन्यात सभागृहात निवेदन करण्याची वेळ आली तेव्हा त्याची प्रत आधी देण्याचा आग्रह पीठासीन अधिकाऱ्यांनी धरला. आंबेडकर सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन सभागृहाबाहेर प्रसिद्ध झाले. या निवेदनाची बांधणी वकिली आहे. कारणे एकामागून एक मांडली आहेत : नियोजनाचे खाते आणि मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्या आपल्या वाट्याला न येणे, अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण व त्यातच काश्मीर, आणि शेवटी हिंदू कोड बिलाचे झालेले हाल. लक्षात घेण्याजोगे हे की, पहिले कारण वैयक्तिक असूनही त्यांनी ते लपविलेले नाही. आपणास कोणते काम हवे होते आणि ते मिळाले नाही, हे ते सरळ सांगतात. निरोपाच्या गद्यात अशा कबुलीचे मोल मोठे असते, कारण जाणारा माणूस केवळ तत्त्वासाठी जातो हे वाचकाला कधीच पटत नाही. तक्रार आणि तत्त्व शेजारी शेजारी ठेवली की दोहोंचे वजन वाचक आपले आपण करतो. येथे अश्रू नाहीत आणि कोणी थांबवावे अशी अपेक्षाही नाही. हिशेब आहे, तो भूतकाळात आहे आणि एकवचनात आहे.

हा पाठ अधिक मोलाचा ठरतो तो पुढील घटनेमुळे. या निवेदनानंतर काही महिन्यांतच पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि तीत आंबेडकर उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. म्हणजे हे निवेदन लिहिताना प्रचार समोर उभा होता. तरीही त्यातील भाषा मतदाराकडे वळलेली दिसत नाही. सौदा करण्याची संधी असताना त्यांनी तो केला नाही, हे नुसत्या चरित्रातून नव्हे तर वाक्यरचनेतून सिद्ध होते.

दुसरा पाठ चिंतामणराव देशमुखांचा. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत निवेदन केले. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर झाला, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या राजीनाम्याला जे स्थान मिळाले ते सर्वश्रुत आहे. समीक्षेच्या बाजूने मात्र एक मर्यादा सांगितली पाहिजे. देशमुख हे प्रचारातून घडलेले नेते नव्हते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांची कारकीर्द आधीच पूर्ण झाली होती. कुलाब्याचे प्रतिनिधित्व ते करीत, पण त्यांचे सार्वजनिक जीवन सभेवर उभे नव्हते. मंत्रिपदानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद होते. ज्याला जाण्यासाठी दुसरी खोली आहे त्याला दार ओलांडणे तुलनेने सोपे जाते. त्यांच्या निवेदनाचा डौल निर्विवाद आहे, परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर तेथे पूर्णपणे मिळत नाही. ज्याचे सगळे आयुष्य कार्यकर्त्यांच्या घोळक्यात गेले, त्याने कसे जावे?

त्यासाठी मराठीतच घडलेल्या दोन प्रसंगांकडे वळावे लागते. जुलै 1992 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी ‘सामना’तून आपण कुटुंबासह शिवसेना सोडत असल्याचे जाहीर केले. पक्षातील एका जुन्या कार्यकर्त्याने कुटुंबाच्या हस्तक्षेपाबद्दल केलेल्या आरोपांची त्याला पार्श्वभूमी होती. शिवसैनिक मोठ्या संख्येने जमले आणि निर्णय मागे घेतला गेला. दुसरा प्रसंग 2 मे 2023 चा. शरद पवार यांच्या ‘लोक माझे सांगाती’ या 2015 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीचे प्रकाशन मुंबईच्या यशवंतराव चव्हाण केंद्रात होते. त्या समारंभातच त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडण्याचा मनोदय सांगितला. सभागृहात रडारड झाली. 5 मे रोजी पक्षाच्या समितीने राजीनामा नामंजूर केला आणि त्याच दिवशी तो मागे घेण्यात आला. जुलैच्या आरंभी पक्ष फुटला.

या प्रसंगांमागे कोणता हेतू होता, याची चर्चा वृत्तपत्रांनी पुष्कळ केली आहे. हेतू कोणास सिद्ध करता येत नाही आणि आपल्या कामास त्याची गरजही नाही. पाठ म्हणून पाहिले तर दोन्ही ठिकाणी निरोपाचा श्रोता कोण होता हे स्पष्ट दिसते. मतदार नव्हे, सभागृह नव्हे. तो श्रोता कार्यकर्ता होता. आणि कार्यकर्ता हा निरोप ऐकून घेणारा श्रोताच नव्हे. नेता गेला तर त्याचे स्वतःचे स्थानही जाते, म्हणून तो ऐकत नाही, उत्तर देतो. त्याचे उत्तर ‘नाही’ हेच असणार. एकदा ते ‘नाही’ घोषणांतून आले की निरोपाचे भाषण पुन्हा प्रचारसभा होते. ‘लोक माझे सांगाती’ हे शीर्षकच पाहा. सोबत्यांसमोर उभे राहून सोबत सोडण्याची घोषणा करणे, आणि तीही सोबतीचा गौरव करणाऱ्या ग्रंथाच्या प्रकाशनात, ही रचनाच स्वतःच्या विरुद्ध जाते. ग्रंथ एक म्हणतो आणि व्यासपीठ दुसरे. शेवटी ग्रंथाचा विजय झाला असे म्हणावयास हरकत नाही.

आत्मचरित्र हा निरोपाचा अधिक स्वस्थ प्रकार ठरावयास हवा होता. तेथे घोळका नसतो. पण मराठीतील या प्रकारच्या सर्वांत वाचनीय ग्रंथाचे काय झाले ते पाहावे. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ 1984 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला ते निवर्तले. ग्रंथ 1946 पर्यंत येऊन थांबतो. देवराष्ट्रे, कऱ्हाड, शाळा, 1942 चे दिवस हे सारे त्यात आहे. सत्ता नुकतीच उंबऱ्यावर आली आहे. ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’ हे पुढले दोन भाग योजले होते, ते लिहिले गेले नाहीत. म्हणजे मुख्यमंत्रिपद, संरक्षणमंत्रिपद, 1979 ची वादळे आणि त्यानंतरचे परतणे, यांबद्दल ज्या शांत आणि निर्मळ गद्यात कृष्णेचा काठ आला त्या गद्यात काहीच आले नाही. त्यांच्या प्रकृतीचे व आयुष्याचे कारण उघड आहे. तरीही ‘कृष्णाकाठ’ वाचताना असे वाटते की, ही शैली आगमनाची आहे. बाल्य, पहिली सभा, पहिला तुरुंग यांसाठी ती सिद्ध आहे. ज्या माणसाला राजकारण सोडता आले नाही त्याच्या अखेरच्या वर्षांसाठी त्यांना निराळी शैली शोधावी लागली असती. आपल्या समीक्षेने या ग्रंथाच्या प्रांजळपणाची स्तुती केली ती योग्यच आहे, पण तो कोठे थांबतो या गोष्टीचा पुरेसा विचार केला नाही.

कादंबरीनेही हा प्रश्न सोडविला आहे असे नव्हे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ यांवर आधारलेल्या जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ या चित्रपटाचा शेवट पुष्कळांस आठवत असेल. सत्तेचा डाव फिरतो, माणसे खुर्च्या बदलतात, आणि शेवटी मंचावरून कोणी ढळलेच तर तो पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे पाहणारा. राजकारण्याला बाहेर काढता येत नाही म्हणून प्रेक्षकाला बाहेर काढले, अशी ही युक्ती आहे. ती मार्मिक आहे, परंतु ती आपली हतबलताही सांगते.

मग प्रत्यक्षात माणसे जातात कशी? बुलढाणा जिल्ह्याकडे परत येऊ. एक मार्ग नकाशाचा, तो आरंभी सांगितला. दुसरा वारशाचा. 1980 साली बाळकृष्ण वासनिक बुलढाण्यातून निवडून आले आणि 1984 साली त्यांच्या जागी वयाच्या पंचविसाव्या वर्षी मुकुल वासनिक आले. आडनाव तेच राहिल्याने कोणी गेले असे वाटतच नाही. निरोपाची जागा नव्या प्रवेशाने भरून निघते. तिसरा मार्ग पराभवाचा. याला मात्र लहानसे का होईना, एक गद्य आहे. निकालानंतर गावच्या चौकात किंवा स्थानिक पत्राच्या आतल्या पानावर ‘जाहीर आभार’ झळकतात. विजयी उमेदवाराचे आभार आपण वाचत नाही, पराभूताचे वाचावेत. मते देणाऱ्यांचे आभार मानण्याच्या आड ‘लढा चालूच राहील’ हे वाक्य बहुधा असतेच, म्हणजे भविष्यकाळ येथेही सुटत नाही. तरीही त्यात कोठे कोठे मतदाराशी समोरासमोर बोलल्याचा सूर लागतो. मोठ्या आत्मचरित्रांपेक्षा या चार ओळींच्या पत्रकांचा संग्रह आपल्या विभागाने केला तर निरोपाच्या मराठीचा खरा नमुना हाती येईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे साहित्य रद्दीत जाते, आणि लवकर जाते.

चौथा मार्ग मृत्यूचा. खामगावचे पांडुरंग फुंडकर, जे अकोल्यातून तीनदा लोकसभेवर गेले होते, ते राज्याचे कृषिमंत्री असतानाच 31 मे 2018 रोजी निवर्तले. अशा वेळी सभागृहात शोकप्रस्ताव येतो. राजकीय निर्गमनाचा आपल्याकडे पूर्णपणे घडलेला, ठरलेल्या अंगांचा, सर्वांस अवगत असलेला वाङ्मयप्रकार कोणता असेल तर तो हाच. त्यात भूतकाळ आहे, एकवचन आहे, हिशेब आहे, मागणे नाही. निरोपाच्या गद्याची जी लक्षणे वर सांगितली ती सर्व येथे एकत्र येतात. फक्त ते बोलणारा जाणारा नसतो. आपले हे एकमेव सिद्ध रूप जाणाऱ्याच्या हाती कधीच येत नाही, ही या प्रकाराची शोकांतिका म्हणावी की विनोद, हे ठरविणे कठीण आहे.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. निरोप द्यावा अशी अपेक्षा त्याच्याकडूनच करावयाची, ज्याचा प्रवेश समाजाने मान्य केला होता. ज्याचे येणेच मोजले गेले नाही त्याच्या जाण्याचे काय? हा आक्षेप प्रस्तुत लेखकास टाळता येत नाही, कारण त्याचे सर्वांत ठळक उदाहरण बुलढाण्याचेच आहे.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 साली पुण्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याचे आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांवर झालेल्या गरळ ओकण्याचे ते उत्तर होते. या पुस्तकाचे गद्य सभेचे आहे. समोर पुरुषांचा जमाव बसला आहे आणि लेखिका एकामागून एक प्रश्न टाकीत आहे. एक प्रश्न पचण्याच्या आत दुसरा येतो. आज्ञार्थ आणि प्रश्नार्थ यांनी पुस्तक भरले आहे. या जिल्ह्यातून मराठीला मिळालेले हे पहिले मोठे प्रचारगद्य होय, आणि त्याला सभा मात्र नव्हती. प्रस्तावनेत आपण घरात कोंडलेली बाई आहोत हे लेखिकेने स्वतःच सांगून टाकले आहे.

पुस्तकावर टीका झाली. 1885 साली जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. स्वतः ताराबाईंनी यानंतर काही प्रसिद्ध केले नाही. 1910 च्या सुमारास त्या वारल्या. पुस्तक 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले, तोवर ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते.

या मौनाला निवृत्ती म्हणण्याची प्रवृत्ती अलीकडे दिसते. एकच ग्रंथ लिहून बाजूला होणारी तेजस्वी लेखिका, असे चित्र मोहक आहे खरे. परंतु ते आपण रंगविलेले आहे. निवृत्तीला आधी वृत्ती लागते, जागा लागते, सोडण्यासारखे काही लागते. ताराबाईंना सोडण्यास व्यासपीठच नव्हते. ते त्यांनी पाचशे प्रतींत स्वतः बांधले होते आणि त्या प्रती संपल्या वा पडून राहिल्या की ते मोडले. या मौनास गौरवाची भाषा लावणे म्हणजे ज्यांनी त्यांना बोलू दिले नाही त्यांची सुटका करणे होय. म्हणून वासनिक-अडसूळांच्या निर्गमनाशी त्याची तुलना करताना फार जपले पाहिजे. तेथे मतदारसंघ बदलला, येथे मतदारसंघच नव्हता.

तरीही पाठ म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘स्त्रीपुरुषतुलना’ची शेवटची पाने प्रचाराच्या सुरातच आहेत. लेखिका उतरून जात नाही, हात जोडीत नाही, आता आपले बोलणे पुरे झाले असेही म्हणत नाही. प्रश्न विचारून ती थांबते आणि समोरच्यांच्या उत्तराची वाट पाहते. 1975 ची आवृत्ती हाती घेणाऱ्या पहिल्या वाचकांस ती तेथेच, त्याच पवित्र्यात उभी आढळली.